पहिली मधपेटी

मधमाश्यांची पहिली पेटी बुटीबोरीच्या शिवारात ठेवायची, तर पाऊस ओसरल्यानंतरचा काळ सर्वांत बरा. कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या की काळ्या मातीत तूर उभी असते. नोव्हेंबर-डिसेंबरात ती पिवळ्या फुलोऱ्यावर येते. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहर फुटतो आणि त्याचा वास बागेची कुंपणे ओलांडून रस्त्यापर्यंत येतो. मग पळस, मोह, कडुनिंब, करंज. नवी वसाहत यातल्या पहिल्या फुलोऱ्याला हजर असली, तर उन्हाळ्याआधी तिचे बळही वाढते आणि मधही साठतो.

सगळ्याच मधमाश्या पेटीत नांदत नाहीत. आग्या मोहोळ उंच फांद्यांना आणि पाण्याच्या टाक्यांना उघड्यावर लोंबते. फुलोरीही झुडपात एकच उघडे पोळे बांधते. पेटी मानवते ती अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधणाऱ्या सातेरीला आणि युरोपातून आलेल्या मेलिफेराला. या माश्या दोन पोळ्यांमध्ये ये-जा करण्यापुरती ठरावीक वाट मोकळी सोडतात. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हे मर्म ओळखले आणि सुट्या चौकटींची पेटी बनवली. त्यामुळे पोळे न मोडता बाहेर काढता येऊ लागले. बुटीबोरीच्या शेजारच्या वर्ध्यात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला ग्रामोद्योगांत स्थान दिले. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात आज त्याचे प्रशिक्षण मिळते.

पेटीचे दार पूर्वेकडे असावे, दुपारी तिच्यावर झाडाची सावली पडावी. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात.

पेटी प्रथम उघडताना नवख्याची छाती धडधडतेच. दाराची वाट न अडवता बाजूला उभे राहायचे, धुराचे दोन-तीन हलके झोत द्यायचे आणि कडेची चौकट सावकाश वर घ्यायची. ऊन पाठीवर घेऊन ती पेटीवरच तिरपी धरली की कप्प्यांचे तळ उजळतात. तिथे दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखे पांढरे अंडे दिसले, तर मोठे काम झाले. अंडे तीन दिवसांत उबते, म्हणजे राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत नक्की होती. तिला शोधत साऱ्या चौकटी उपसण्याचे कारण नाही. मेलिफेराच्या अंड्यापासून राणी १६ दिवसांत, कामकरी माशी २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर पडतो.

डंख बसला तर नांगी नखाने लगेच खरवडून काढावी. डंखाच्या जागी उरणारा वास इतर माश्यांना धोक्याची खूण देतो. तिथे धूर दिला की तो झाकला जातो. अंगावर गांधी उठून श्वास लागल्यास मात्र वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

कपाशीवरची फवारणी हे इथले मोठे संकट. फवारणीचा दिवस शेजारच्या शेतकऱ्याकडून आधी कळला, तर आदल्या रात्री, माश्या आत परतल्यावर, पेटी हलवता येते. दुबळ्या वसाहतीत मेणपतंग शिरतो. म्हणून रिकामी पोळी पेटीत पडू देऊ नयेत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि पिलाव्याला, म्हणजे कप्प्यांत वाढणाऱ्या पिल्लांना, मात्र ३४-३५ अंशच लागतात. कामकरी माश्या पाणी आणून कप्प्यांत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. त्यांच्यासाठी जवळच उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे, छतावर ओले पोते टाकावे.

मध काढायचा तो पेटीच्या वरच्या कप्प्यातला, म्हणजे मधकोठीतला, आणि तोही चौकटीचे तीन-चतुर्थांश कप्पे मेणाने बंद झाल्यावर. त्याआधीचा मध पाणचट असतो आणि आंबतो. पिलाव्याभोवतीच्या मधाला हात लावायचा नाही. फुले सरल्यापासून पुढचा बहर येईपर्यंत वसाहत त्यावरच तगते. पहिल्या वर्षी मध थोडा मिळाला आणि वसाहत पावसाळा पार करून गेली, तर पेटी नीट लागली असे समजावे.