रहीम साहेबांचा जादा तास

गेल्या वर्षी आमच्या उर्दू शाळेत दहावीच्या कमजोर मुलांसाठी जादा तास ठेवायचे ठरले. वेळ कुठून काढायचा? आम्ही शिक्षकांनी सरळ खेळाचा तास काढून घेतला. "खेळून कुणाचं भलं झालंय?" असंही मुलांना सुनावलं. त्यावर 'मैदान' सिनेमा पाहून आलेला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, रहीम साहेब तर मास्तरच होते."

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम खरोखरच शाळामास्तर. स्वतः फुटबॉल खेळलेले. पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षं जिंकला. त्यांच्याच हाताखाली भारताने 1951 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. 1952 मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून 10-1 अशी हार झाली, आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. पण चारच वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत चौथा आला.

1962 साली जकार्तात पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून हरलो. रहीम साहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर, प्रेक्षक विरोधात. डोक्याला जखम झालेल्या बचावपटू जर्नेलसिंगला त्यांनी घरी बसवलं नाही, पुढच्या फळीत खेळवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. भारत 2-1 ने जिंकला. 11 जून 1963 रोजी रहीम साहेब गेले.

आम्हाला मात्र त्यांची एक वेगळीच गोष्ट लागून राहिली. खेळाडूचा जो पाय कमजोर, फक्त त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा ते भरवत. कमजोर पायाला त्यांनी शिक्षा केली नाही, त्याला खेळायची जादा संधी दिली. आम्ही कमजोर मुलांचं नेमकं उलटं केलं होतं.

आता जादा तास सकाळी शाळा भरण्याआधी असतो. आम्हाला अर्धा तास लवकर यावं लागतं, एवढंच. खेळाचा तास मुलांना परत दिला. ज्याने रहीम साहेबांचं नाव घेतलं, तो अजून गणितात चाचपडतो. पण सकाळी सर्वांत आधी तोच येतो, बगलेत फुटबॉल घेऊन.