हेहाची परत आला तेव्हा

आम्ही दोघेही मराठी शिकवतो, दोघेही मूळचे समुद्रपूरचे, आणि दोघांनाही एक व्यसन आहे ज्याविषयी शिक्षकदालनात आम्ही कधी बोललो नाही. 'टेकन' नावाचा मारामारीचा व्हिडिओ गेम आम्ही गेली बावीस-तेवीस वर्षे खेळत आलो आहोत. या जपानी शब्दाचा अर्थ लोखंडी मूठ, हे आम्हाला फार उशिरा कळले. वाङ्मयाच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या कथेवर आपण अर्धे आयुष्य विश्वास ठेवला तिने शब्द फिरवला, तर त्याची नोंद करायला दुसरी जागा कोणती?

२००३ च्या सुमारास समुद्रपूरच्या बसस्थानकाजवळ तीन संगणकांचे एक दुकान होते. पाटीवर इंटरनेट लिहिलेले असे, पण चालायचे ते टायपिंग, परीक्षेचे फॉर्म आणि 'टेकन ३'. हा खेळ १९९७ साली जपानमधल्या आर्केडमध्ये आणि १९९८ साली प्लेस्टेशनवर आला. आमच्यापर्यंत तो सीडीवर नक्कल होत होत पोहोचला. प्रत्यक्ष प्लेस्टेशन आम्ही तोवर पाहिलेही नव्हते. एकाच कीबोर्डवर दोघांनी खांद्याला खांदा लावून बसायचे. तो कीबोर्ड एका वेळी मोजक्याच कळा ओळखायचा. त्यामुळे एकाने तीन-चार कळा दाबून धरल्या, की दुसऱ्याचा गडी जागच्या जागी खिळायचा. या लबाडीवरून जेवढी भांडणे झाली तेवढी पडद्यावर झाली नसतील. त्यातून उरलेच, तर भारनियमन होते. ऐन शेवटच्या फेरीत वीज जायची आणि कोण जिंकत होते हा वाद जाम चौरस्त्यापर्यंत पुरायचा.

दुकानाचा मालक आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. त्याला सारे भाऊ म्हणत. त्याने एकच नियम केला होता: एडी घ्यायचा नाही. एडी गोर्डो हा ब्राझीलचा कापोएरा खेळणारा गडी. डोळे मिटून कळा बडवल्या तरी त्याचे पाय गरगर फिरत आणि नवशिका जिंकून जाई. भाऊ स्वतः किंग घ्यायचा, वाघासारखा मुखवटा घातलेला मल्ल. तो मागे सरकत राही, वाट पाही. आम्ही चवताळून अंगावर गेलो की आमचा एक फटका हुके, आणि पुढच्या क्षणी आम्ही जमिनीवर. "येऊ दे त्याले. चुकू दे. मंग मार," एवढेच तो सांगायचा. आखाड्यातली माणसेही हेच सांगतात. वार न करता उभे राहण्यातही कौशल्य असते, हे आम्हाला त्या दुकानात समजले.

कथानकाचे भान मात्र हळूहळू आले. मिशिमा घराण्यातला बाप हेहाची आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून खाली फेकतो. मुलगा वाचतो, मोठा होतो, बापाला हरवून त्याच कड्यावरून त्याला फेकतो. पुढे बाप परततो आणि मुलाला ज्वालामुखीत टाकतो. तिसऱ्या भागात नातू जिन येतो. त्याची आई जुन ओगर नावाच्या राक्षसाच्या हल्ल्यानंतर दिसेनाशी झालेली असते. भाऊचा लाडका किंगसुद्धा मूळचा किंग नव्हे. पहिल्याला ओगरने मारले. त्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या मुलाने गुरूचा मुखवटा चढवला. हे कळले त्या दिवशी भाऊने ती फेरी जरा गंभीरपणेच खेळल्याचे आम्हाला आठवते, की ती आमची नंतरची कल्पना आहे, कोण जाणे.

एम. ए. झालो, नोकऱ्या लागल्या. शोकात्मिका शिकवताना मनातल्या मनात हेहाचीचे उदाहरण घेत होतो. तोंडाने अर्थात ग्रीक नावे सांगत होतो. २०१७ साली घरच्या यंत्रांवर आलेल्या सातव्या भागात काझुयाने बापाला लाव्ह्यात टाकले आणि ते वर्तुळ मिटले. निर्मात्यांकडूनही तो मेल्याचेच सांगितले जात होते. त्याला आवाज देणारे उन्शो इशिझुका २०१८ साली वारले.

आणि २०२४ साली, आठव्या भागात, हेहाची परत आला. ज्वालामुखीतून वाचला म्हणे, स्मृती गेली, भिक्षूंनी सांभाळले. हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या आमच्या पिढीला स्मृतिभ्रंशाचे नवल नाही. जुन तर त्या भागाच्या आरंभीच हजर होती. हेहाची मात्र मूळ खेळात नव्हता. त्याच्यासाठी वेगळे पैसे. दुकानात ज्याला बंदी होती तो एडीही त्याच वर्षी असाच वेगळा विकला गेला, यावर आम्ही हसलो, पण फार वेळ नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर मेलेले परतणे या मालिकेत नवे नव्हते. ज्वालामुखीतून काझुया परतला तेव्हा आम्ही टाळ्याच वाजवल्या होत्या. कॉनन डॉयलने १८९३ साली धबधब्यात लोटलेला होम्स १९०३ साली परत आणला, तोही आम्ही आनंदाने वाचला. पण होम्सला पडताना वॉटसनने पाहिले नव्हते. लेखकाने एक फट ठेवली होती. इथे मृत्यू आमच्या डोळ्यांसमोर, पूर्ण, जवळजवळ विधीसारखा झाला होता. आणि त्या दोन भागांच्या मध्ये आमच्याकडेही एक गोष्ट झाली होती. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भाऊ गेला. पंचेचाळिशीच्या आतला माणूस. आम्हाला अंत्यदर्शनही घेता आले नाही. त्यामुळे आमचा राग कितपत त्या खेळावर आहे, हे आम्हालाच नक्की ठरवता येत नाही.

दुसरी तक्रार मात्र निव्वळ खेळाची आहे. आठव्या भागात 'हीट' नावाची सोय आली. ती चालू केली की चढाई करणाऱ्याला बळ मिळते, आणि काही फटके नीट अडवले तरी अडवणाऱ्याचे थोडे रक्त जातेच. भाऊची सारी विद्याच त्यात दंड्य ठरली. एक कळ दाबून साखळीने फटके काढण्याचीही सोय आहे. आम्ही तिला 'एकवीस अपेक्षित' म्हणतो. नवख्यांना ती हवी, हे मान्य. गाइड वाचून पास झालेल्यांतले काही पुढे मूळ पुस्तकाकडे वळतात, हेही आम्ही पाहिले आहे. पण एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या बदलांनी चढाईला आणखी झुकते माप दिले. जगभरच्या खेळाडूंनी गदारोळ केला आणि नंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. म्हणजे कुरकुर करणारे आम्हीच दोघे नव्हतो.

यंदा दिवाळीत आमच्यापैकी एकाच्या घरी सगळे जमलो होतो. मुलाने हेहाची निवडला. "हा मेला होता ना, बाबा?" त्याने विचारले. स्मृतिभ्रंशाची हकिकत आम्ही सांगू लागलो, ती पुरी व्हायच्या आत त्याने कळ दाबली होती. आम्ही किंग घेतला आणि मागे सरकलो. तो धावून आला, आम्ही आणखी सरकलो, रक्ताची रेघ अडवूनही कमी होत गेली. पहिली फेरी हरलो.

दुसऱ्या फेरीत त्याने यंत्र मध्येच थांबवले आणि आमच्याकडे वळून विचारले, "बाबा, काका, तुम्ही पुढे काहून येत नाही?"