उचलते लाट, नेतो प्रवाह

किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला लाटेचा फेस दिसतो. माझे काम मात्र तळालगतच्या वीतभर पाण्याशी. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात लोखंडी खांब रोवायचा, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर नळ्या बांधायच्या आणि पंपाने पाणी ओढून बाटल्या भरायच्या. मग गाळणे, सुकवणे, वजन करणे. तळाजवळच्या बाटलीत वाळूचा जाड थर बसतो. हातभर वरच्या बाटलीत जेमतेम चिमूटभर सापडते.

ही वाळू वर येते कशी? लाटेखाली पाण्याचा कण गोल फिरत असतो. लाटेच्या लांबीच्या निम्म्याएवढी खोली उरली, की तिला तळ लागू लागतो. 12 सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे 225 मीटर लांब असते, म्हणजे 110 मीटर खोलीलाच तिला तळाची चाहूल लागते. किनारा जवळ येतो तशी ती वर्तुळे चपटी होतात आणि तळाशी पाणी नुसते पुढे-मागे हिंदकळते. त्याने वाळूवर वळ्या उमटतात. वाळवंटातल्या वाऱ्यावर उडणाऱ्या वाळूचा अभ्यास करणारे राल्फ बॅग्नॉल्ड पुढे या वळ्यांकडे वळले. 1946 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी पाणी स्थिर ठेवून वाळूचा तळच पुढे-मागे हलवला. वळीच्या आडोशाला भोवरा तयार होतो, वाळू पोटात घेतो आणि पाण्याची दिशा पालटली की तिच्यासकट वर उसळतो.

यातली खरी खुबी वेळेची आहे. पुढे धावणाऱ्या पाण्याने उचललेली बारीक वाळू परतीच्या पाण्याच्या हाती लागते आणि समुद्राकडे जाऊ शकते. लाटेचा पुढचा झटका आखूड पण जोरकस असल्याने जाड कण तळावरून लोळत किनाऱ्याकडे सरकतात. एकच लाट दोन प्रकारच्या वाळूला दोन दिशांनी पाठवते.

0.2 मिलिमीटरचा कण पाण्यात सेकंदाला साधारण 2 सेंटिमीटर खाली जातो. वीतभर उचलला तर तो दहा सेकंद अधांतरी राहतो. तेवढ्यात किनाऱ्याला समांतर, सेकंदाला 30 सेंटिमीटर वेगाचा प्रवाह असला, तर तो कण 3 मीटर पुढे जाऊन बसतो. एकटा तो प्रवाह तळाची वाळू जेमतेम हलवेल. एकटी लाट उचलेल, पण बरीचशी वाळू आसपासच ठेवेल. दोघे एकत्र आले, की किनारा चालू लागतो.

पावसाळ्यातल्या उंच, दाट लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि थोड्या खोल पाण्यात तिचा बांध घालतात. गणपती येऊन गेले, समुद्र निवळला, की दूर दक्षिणेकडून येणाऱ्या लांब, सुस्त लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणून जुलैतला खचलेला किनारा पाहून समुद्राने जमीन गिळली असे लगेच म्हणू नये. ती वाळू बहुतेकदा समोरच्याच बांधात असते. पण घाईने दगडी भिंत घातली, तर तिच्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते. आणि नदीच्या मुखातून वाळू उपसली, की परत यायला काही उरतच नाही.

देवबागची चिंचोळी पट्टी एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र घेऊन उभी आहे. तिथल्या माणसांची भीती खरी आहे, घरे खरी आहेत. म्हणूनच त्यांना घाईचा उपाय नको, नीट मोजलेला उपाय हवा. मे महिन्यात मोजलेला किनारा ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत त्याच खुणेवरून मोजावा, अशी अनेक वर्षे सलग नोंद ठेवावी. कुठली वाळू परत येते आणि कुठली कायमची जाते, हे त्या नोंदीतूनच कळते; भिंत कुठे हवी आणि कुठे मुळीच नको, हे त्यानंतर ठरवावे.