पंधरा ओळींत मावलेलं पाणी

'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय. कागदी होड्या, गरमागरम भजी, आनंदलेला बळीराजा आणि शेवटी 'म्हणूनच मला पावसाळा खूप आवडतो'.

पाचवीत मलाही तो आला. पंधरा ओळी, तीन परिच्छेद, सुवाच्य अक्षर. वर्षभरापूर्वीच, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि उल्हास नदीचं पाणी बदलापुरातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं होतं. मी तेच लिहिलं. आईने पिठाचा डबा माळ्यावर चढवला, बाबा रात्रभर लोकलमध्ये अडकले आणि पुढे आठवडाभर ताईची नववीची पुस्तकं दोरीवर चिमटे लावून वाळत होती. ओळी मोजून पंधरा. मार्क दहापैकी चार. शेरा: 'विषयाला धरून नाही.'

मार्कांपेक्षा तो शेरा जास्त लागला. त्याहून पावसाळी दिवस माझ्या आयुष्यात आजवर आलेला नाही.

आता नोकरीत रोज रिक्वायरमेंट्स वाचतो. त्यातून एक सवय लागली: कागदावर काय लिहिलंय आणि आपण काय धरून चाललोय, हे वेगळं काढायचं. अट होती पावसाळ्यातला एक दिवस आणि पंधरा ओळी. तो दिवस आनंदाचा हवा, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते गाईडमधून आलं होतं.

अटींवर माझा राग नाही. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. एवढ्या घट्ट साच्यात तुकोबांनी विठ्ठलाशी भांडण मांडलं, दुष्काळही मांडला. आत काय ओतायचं हे साचा ठरवत नाही. पंधरा ओळींनी माझी मदतच केली. पुराची अख्खी रात्र त्यांत मावेना, म्हणून निवडावं लागलं आणि दोरीवरची पुस्तकं सापडली.

परवा भाचीने विचारलं, "मामा, 'माझी शाळा' गाईडमधलं लिहू की माझं?" मार्क तिचे जाणार होते, माझे नाही. म्हणून म्हटलं, "मागितलंय ते सगळं लिही. ओळी, परिच्छेद, मैदान, ग्रंथालय. पण एक ओळ अशी घाल, जी वर्गात दुसरं कुणी लिहूच शकणार नाही."

तिने जिन्याच्या तुटलेल्या पायरीबद्दल लिहिलं, जी सगळी मुलं न बघताच ओलांडतात. दहापैकी सहा मिळाले. ती ओळ मात्र तिने मला फोनवर दोनदा वाचून दाखवली.