मोगऱ्याचे पैसे

आमच्या मातोश्री २०२१ साली देवाघरी गेल्या, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक जपमाळ, खतांच्या पावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा आणि नातवाच्या नावे बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीची पावती, एवढाच ऐवज निघाला. वसईच्या आमच्या वाडीतला मोगरा पाटीत भरून पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात नेणे, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा नेम. त्या नेमातून उरलेली ही शिल्लक. ठेवीची मुदत २०२३ च्या मे महिन्यात भरली आणि व्याजासह पंचाहत्तर हजार रुपये हाती आले. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेल्या आमच्या चिरंजिवांना आम्ही मोठ्या उदारपणे विचारले, "या पैशांचे काय करावेसे वाटते?"

"गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर बांधायचा," ते उत्तरले.

आम्हांस प्रथम खटकले ते 'बांधायचा' हे क्रियापद. घर बांधतात, विहीर बांधतात. संगणक दुकानातून विकत आणतात, एवढेच आमचे ज्ञान. सौभाग्यवतींना मात्र 'गेम' हा शब्द झोंबला. सासूबाईंनी काळोखात उठून खुडलेल्या कळ्यांचे पैसे बंदुकांच्या खेळात घालायचे? त्या दिवशी आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना जरा मोठ्या आवाजात झाली.

चिरंजीव तयारीनिशी आले होते. चर्चच्या फलकावर तेव्हा धन्यवादित कार्लो अकुतिस यांचे चित्र होते. इटलीतील मिलानचा हा मुलगा २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने संगणकावर संकलित केली होती. २०२५ च्या सप्टेंबरात पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद दिले, हे पुढचे. "तोही व्हिडिओ गेम खेळायचा," चिरंजिवांनी आईला सांगितले. आम्ही शिक्षकी पेशातले असल्याने संदर्भ तपासून पाहण्याची खोड आहे. तो खेळे हे खरे, परंतु आठवड्यास एकच तास, असा नियम त्याने स्वतःस घालून घेतला होता. हा उत्तरार्ध आम्ही वाचून दाखविताच चिरंजिवांनी तोही नियम तत्काळ मान्य केला. (तो नियम पहिल्या पावसातच वाहून गेला, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.) आम्हीही एक अट घातली : आजीच्या पैशांतील प्रत्येक हजार कोठे व का जातो, ते आम्हांस पटवून द्यायचे. न पटल्यास वस्तू बाद.

टाळेबंदीने व अबोल वयाने आमच्यात जेवणापुरतेच बोलणे उरले होते. त्या अटीमुळे पुढील महिनाभर रोज रात्री ओट्यावर आमची बैठक बसू लागली.

पहिला वाद प्रोसेसरवरून झाला. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि मेंदू नेहमी उत्तमातला उत्तम घ्यावा, असे आमचे म्हणणे. ओळखीच्या एका दुकानदाराने साठ हजारांत तयार यंत्र देऊ केले होते. त्यात 'आय सेव्हन' होता, रंगीबेरंगी दिवे होते, वर माऊस फुकट. आम्ही जवळजवळ होकार दिला होता. चिरंजिवांनी एकच प्रश्न विचारला : "कितव्या पिढीचा?" तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा निघाला. नाव थोर, पण वय अकरा. त्याहून 'आय फाइव्ह १२४००एफ' किंवा 'रायझन ५ ५६००', हे २०२२ साली बाजारात आलेले सहा गाभ्यांचे प्रोसेसर कितीतरी सरस, आणि किंमत बारा-तेरा हजारांच्या आसपास. त्यांतला रायझन ठरला, कारण त्यासोबत पंखा मिळतो आणि विजेची भूक ६५ वॅटांची. त्याच्या जातीच्या मदरबोर्डाचे भावही त्या सुमारास उतरले होते. कारण त्यापुढे नवी बैठक आली होती आणि ही जुनी ठरली होती. "म्हणजे पुढे नवा प्रोसेसर यात बसणार नाही?" आम्ही विचारले. "याच पिढीतला थोडा मोठा बसेल, त्यापुढचा नाही," असे सरळ उत्तर आले. दुकानदाराने असे उत्तर कधी दिले नसते.

मग कळले की खेळातले चित्र रंगविण्याचे काम मुळी प्रोसेसर करीतच नाही. ते ग्राफिक्स कार्ड करते. कोण कोठे उभा आहे, गोळी कोठे लागली, हा हिशेब प्रोसेसरने करून द्यावयाचा आणि कार्डाने पडद्यावरचा ठिपका न् ठिपका रंगवायचा. दोहोंपैकी जो मंद, त्याच्या गतीने सारा संसार चालतो. हे ऐकताच आम्हांस आमच्या वाडीतले बावखल आठवले. लहानपणी त्यावर रहाट होता. बावखल तुडुंब असो, रहाट दणकट असो, पण पाट अरुंद असला की शेवटचा वाफा कोरडाच राही. उलट पाट हातभर रुंद केला आणि रहाट मात्र सुस्त बैलाचा असला, तरी फळ तेच. आमचे वडील रहाट दुरुस्त करायच्या आधी पाट पाहत. चिरंजिवांनी रहाट चालताना कधी पाहिलेला नाही, तरी दृष्टांत त्यांना पटला. आम्हांसही आपण अगदीच अडाणी नाही, असे वाटून बरे वाटले.

शेवटचा वाफा म्हणजे पडदा, आणि निवड तेथूनच सुरू करावी लागते, हे आम्ही या व्यवहारात शिकलो. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात. २५६० बाय १४४०च्या पडद्यावर ते छत्तीस लाखांवर जातात. म्हणजे कार्डाचे काम पाऊणपटीने वाढले, आणि त्याबरोबर कार्डाची किंमतही. चिरंजिवांनी लहान पडदा घेतला, पण सेकंदास १४४ वेळा चित्र पालटणारा. साध्या पडद्याचे ६० वेळा पालटते. एवढा फरक मानवी डोळ्यास कळतो का, ही आमची शंका त्यांनी हसण्यावारी नेली. आता कळतो, हे आम्ही कबूल करतो. अक्षरे सरकविताना ती फरफटत नाहीत.

या पडद्यास पुरेसे कार्ड म्हणून 'आरएक्स ६६००' निवडले. आठ जीबी स्मृतीचे, १३२ वॅटांचे, वीस-एकवीस हजारांचे. तेवढ्याच पैशांत बाजारात वरच्या दर्जाची वापरलेली कार्डे मिळत होती. इथेरियम या आभासी चलनाचे उत्खनन अशा कार्डांवर रात्रंदिवस चाले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाने आपली पद्धतच बदलली आणि खाणीतले हे सारे मजूर एकाएकी बेकार होऊन बाजारात आले. आम्हांस मोह झाला. चिरंजीव म्हणाले, "पपा, आजीचे पैसे आहेत. गॅरंटीचीच वस्तू घेऊ." आमच्या अटीचे ओझे ते आमच्याहून अधिक वाहत होते, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो वीजपुरवठ्याच्या पेटीवरून, म्हणजे बाजारात जिला 'एसएमपीएस' म्हणतात तिच्यावरून. कॅबिनेटसोबत एक फुकट मिळत असता पावणेपाच हजार रुपये एका पत्र्याच्या डब्यावर का घालावे? तो डबा कोणास दिसत नाही, त्याने खेळ तसूभरही वेगवान होत नाही. एवढ्या पैशांत कार्ड एक पायरी वरचे आले असते. आम्ही वस्तू बाद केली. दुसऱ्या दिवशी चिरंजिवांनी एका मित्राकडून तसला फुकटचा डबा आणून आमच्या हातात ठेवला. वरच्या कागदावर ४५० वॅट छापलेले, आणि वजनाला तो रिकाम्या बिस्किटांच्या डब्यासारखा. आत तांबे कमी, दाब चढल्यास वीज तोडणारी योजनाही नाही. 'ऐंशी प्लस' हे चिन्ह भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के यंत्रास पोचते एवढेच सांगते. संरक्षणाची हमी त्यात नसते. म्हणून त्यांनी ब्राँझ दर्जाचा ५५० वॅटांचा संच निवडताना संरक्षक योजनांची यादी निराळी तपासली होती. यंत्राची गरज तीनशे वॅटांच्या आतच, मग साडेपाचशे कशाला? तर उद्या मोठे कार्ड आले तरी हा बदलावा लागू नये. पावसाळ्यात आमच्या गावी दिवे कधी मिणमिणतात, कधी डोळे दिपवितात. एका रात्रीत मोगऱ्याचे पंचाहत्तर हजार जळू शकतात, हे चित्र डोळ्यांपुढे आले आणि आम्ही बाद केलेली वस्तू परत यादीत घेतली. वर यूपीएसचे पैसे आम्ही पदरचे घातले. त्या रात्री झोप बरी लागली.

मेच्या अखेरीस एका शनिवारी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. त्याचे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाटीवरच राहिले आहे. विरारहून येणारी जलद गाडी ग्रँट रोडला थांबत नाही, म्हणून दादरला उतरून धीमी गाडी पकडायची. पुलावर फुलांचा वास आला. "आजी कोठे बसायची?" चिरंजिवांनी विचारले. आम्ही बोट दाखविले. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. गाडी आली होती.

दुपारपर्यंत पाच दुकाने झाली. प्रत्येक ठिकाणी कोटेशन घ्यायचे, १८ टक्के जीएसटी धरून की सोडून ते विचारायचे, आणि पुढच्या दुकानात जायचे. एका गृहस्थांनी "रॅमची सोळा जीबीची एकच पट्टी घ्या, स्वस्त पडेल," असा आग्रह धरला. चिरंजिवांनी आठ-आठच्या दोनच मागितल्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी पाणी मिळते. ('पाणी' हा शब्द त्यांचा. आमचा पाट आता त्यांच्या बोलण्यात शिरला होता.) सारे मिळून त्र्याहत्तर हजार तीनशे झाले. परतताना खोकी इतकी की आम्ही मालाच्या डब्यात चढलो. कोळणींच्या व भाजीवाल्यांच्या पाट्यांमध्ये मॉनिटरचे खोके मांडीवर घेऊन बसलो. मातोश्रींनी पस्तीस वर्षे याच डब्यातून प्रवास केला, आणि आम्ही मात्र त्या दिवशी प्रथमच त्यात पाऊल टाकले.

रात्री जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून बांधकाम सुरू झाले. प्रोसेसर बोर्डावर बसविताना चिरंजिवांचा श्वास रोखलेला. रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत. कार्ड बसताना 'कट' असा आवाज झाला आणि आमच्या काळजात धस्स झाले. तो योग्यच आवाज होता म्हणे. साडेदहाला कळ दाबली. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा मात्र काळा. सारे काढले, पुन्हा जोडले, पडदा काळाच. बारा वाजले. प्रोसेसरला वीज नेणारी वरची वायर पाहिली, ती जागेवर होती. एक वाजता चिरंजीव खुर्चीत मागे टेकले आणि छताकडे पाहत म्हणाले, "पपा, मी आजीचे पैसे बुडवले." एवढा उंच मुलगा, पण आवाज पाचवीतला आला. आम्ही काय म्हणावे ते सुचेना. वर्गात शंभरदा उच्चारलेली धीराची वाक्ये आठवली, ती सगळी खोटी वाटली.

सौभाग्यवती पाणी प्यायला उठल्या होत्या. त्या यंत्रामागे वाकून म्हणाल्या, "अहो, ही वायर वरच्या भोकात घातली आहे. खाली अगदी तसेच आणखी एक आहे, ते कशाचे?"

खालचे ग्राफिक्स कार्डाचे होते. वरचे मदरबोर्डाचे, आणि आम्ही निवडलेल्या प्रोसेसरात चित्र दाखविण्याची सोयच नसल्याने त्या भोकातून कधीकाळी काही उमटणे शक्य नव्हते. वायर बदलली, आणि पडद्यावर अक्षरे आली. पुढे रॅमची ३२०० ही गती आतल्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, नाहीतर ती मंदच धावते. पडद्याचा १४४ आकडाही विंडोजमध्ये हाताने निवडावा लागतो. ही कामे दुसऱ्या दिवशी, रविवारच्या मिस्सानंतर झाली.

बिल आम्ही मातोश्रींच्या पत्र्याच्या पेटीत, खतांच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवले आहे. मध्यंतरी ते वाचायला काढले होते. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांनी मेमरीची मागणी एवढी वाढविली की रॅमचे भाव भडकले. आम्ही छत्तीसशेंना घेतलेल्या जोडीचा भाव ऐकून चिरंजीव थक्क झाले. त्यांना आणखी सोळा जीबी घालायची होती, शिकवण्या घेऊन पैसेही साठविले होते. आम्ही मदत देऊ केली. त्यांनी बिलावरचा आकडा पुन्हा पाहिला, आजीच्या गठ्ठ्याला दोरा गुंडाळला आणि म्हणाले, "थांबू या." मदरबोर्डावरच्या त्या दोन खाचा अजून रिकाम्याच आहेत.