मंगपूची कडू साल

सिलिगुडीहून निघाले की रस्ता तिस्ता नदीच्या काठाने डोंगरात शिरतो. सेवक आणि कालीझोरा मागे पडले, की रंबी बाजारापाशी मोटार मोठा रस्ता सोडून डावीकडे चढणीला लागते. वर आहे मंगपू. दार्जिलिंगला जाणारे प्रवासी चहाचे मळे पाहून परततात. इकडे फारसे कोणी वळत नाही. रवींद्रनाथ टागोर मात्र १९३८ ते १९४० या काळात इथे अनेकदा येऊन राहिले होते.

मी गेलो तो सिंकोनाचे झाड पाहायला. आपल्या आजीच्या पिढीला ठाऊक असलेले कोयनेल, म्हणजे क्विनाइन, याच्याच सालीतून निघते. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅम यांच्या मोहिमेने तिथून बी आणि रोपे मिळवली, आणि त्याच दशकात इथल्या उतारांवर लागवड झाली. बंगालमध्ये कोयनेलच्या पुड्या पोस्टात विकायला असत!

पण गंमत पुढे आहे. बियांपासून वाढवलेल्या दोन शेजारच्या झाडांच्या सालीत क्विनाइन सारखे नसते. तुम्ही शेतकरी आहात, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. म्हणून साल तपासावी लागे, सत्त्व काढून मोजून द्यावे लागे. १८६६ मध्ये मद्रास सरकारने आयोग नेमला आणि सालीतली चार सत्त्वे तापाच्या रोग्यांना वेगवेगळी देऊन पाहिली. चारही उपयोगी ठरली.

हे ऐकताना मला आमच्या कोकणातली सातवीण आठवली. तिचीही साल कडूजहर, तिचाही काढा तापावर देतात. मी नऊ वर्षांचा असताना धाकट्या भावाला हिवताप आला. आजीने सातवीणीचा काढा दिला. दुसऱ्या दिवशी ताप नाही. पोरगा अंगणात खेळतोय. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. पुन्हा काढा, पुन्हा उतार! असे आठ-दहा दिवस गेले. हा ताप एक दिवसाआडच येतो, काढा द्या वा देऊ नका, हे आम्हाला कुठे माहीत? शेवटी हिवतापाचे कर्मचारी घरी आले, बोटातून रक्त काचेवर घेतले, गोळ्या दिल्या. तोवर पोराची पानथरी हाताला लागू लागली होती.

सातवीणीचीही परीक्षा झाली आहे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधे एकेक करून तपासली. हिवतापाच्या जंतूंपुढे सातवीण टिकली नाही. आजीचा यात दोष नाही. तिच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. उलट चीनमध्ये तू योयो यांनी जुन्या ग्रंथातली एक वनस्पती तशीच पारखली, ती उतरली, आणि २०१५ चे नोबेल मिळाले. तिच्यातल्या द्रव्यापासून केलेली औषधे आज वापरात आहेत.

मंगपूला आता क्विनाइनची पूर्वीची मागणी उरलेली नाही. उतारांवर सिंकोना आहे, सोबत दुसऱ्या औषधी वनस्पतीही लावतात. एका मजुराने सालीचा तुकडा हातावर ठेवला. काढा करून पिऊ नका, बरे का. किती प्यावा हे सालीकडे पाहून कळत नाही. ताप आला तर आशाताईंना बोलवा, रक्त आधी तपासा.

घरी आल्यावर भावापुढे दोन तुकडे ठेवले, एक मंगपूचा, एक परसातल्या सातवीणीचा. त्याने दोन्हींना जीभ लावली, तोंड वाकडे केले आणि विचारले, "यातले कोयनेल कुठले?"