मुंबईच्या इमारती : कॅलेंडरातल्या आणि आपल्या

मुंबईचे फोटो म्हटले की कॅलेंडरवाल्यांना चारच जागा ठाऊक असतात. गेट वे ऑफ इंडिया, बोरीबंदरचे स्टेशन, मरीन ड्राइव्हचा वळसा आणि अलीकडे वरळीचा सागरी सेतू. जणू या शहरात माणसे राहतच नाहीत, फक्त पाहुणे येऊन जातात! गेल्या हिवाळ्यातील काही रविवार आम्ही चार-पाच मित्रांनी ठरवून मुंबईत पायी हिंडण्यात घालविले. कुणाकडेही भारी कॅमेरा नव्हता. मुलांनी घेऊन दिलेले मोबाइल, पाण्याची बाटली आणि एक वही एवढेच सामान. वाचक बंधू-भगिनींनाही आपल्या मुलाबाळांसह असे हिंडता येईल, म्हणून हा लेख.

सुरुवात बोरीबंदरपासूनच केली. कॅलेंडरवाल्यांवर राग असला तरी त्या इमारतीवर नाही. १८८७-८८ च्या सुमारास पुरी झालेली ही इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच, ती १८९३ ची. २००४ साली स्टेशनाला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने-फुले यांवर तेव्हाच्या मुंबई कला विद्यालयातील विद्यार्थ्यांचा हात फिरलेला आहे, हे कितीजणांना माहीत असते? रोज लोकल पकडायला धावताना मान वर करायला सवड कुठली! रविवारी सकाळी सातला जावे. रस्ता रिकामा असतो आणि कोवळ्या उन्हात नक्षी उठून दिसते.

इथेच फोटोची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उंच इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून मोबाइल वर तिरपा केला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. त्यापेक्षा रस्ता ओलांडून लांब जावे, मोबाइल सरळ धरावा आणि खाली रस्त्याचा भाग आला तर येऊ द्यावा. त्या रस्त्यातच हातगाडी असते, पेपर टाकणारा पोरगा असतो. तेवढ्याने इमारतीची खरी उंची कळते. आणि हो, आधी सदऱ्याने काच पुसावी. निम्मे फोटो खिशातल्या धुळीने बिघडतात.

दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या आनंद भवनावरून पुढे चालत ओव्हल मैदानावर यावे. मैदानाच्या पूर्वेला राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशा टोकदार दगडी इमारती आणि पश्चिमेला १९३०-४० च्या काळातल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती. या दोन्हींना मिळून २०१८ साली जागतिक वारसा म्हटले गेले. मधे पोरांचे क्रिकेट. फोर्टाचे एवढे पुरे.

खरी दाटीची मुंबई पुढे सुरू होते. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा कामगारांच्या वस्त्यांत घरोघर तपासणी झाली. काही घरांच्या भिंतींवर 'राहण्यास अयोग्य' अशा खुणा रंगविण्यात आल्या. प्लेग समितीच्या कामाचे फोटोही तेव्हा काढून ठेवले गेले. गरिबांच्या गल्ल्यांचे ते मुंबईतले फार जुने फोटो, आणि ते काढले गेले रोगाच्या निमित्ताने! आपल्या घराकडे कॅमेरा वळला तो असा. पुढे १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्ती कापून प्रिन्सेस स्ट्रीट आणि आजचा महंमद अली रोड काढला. समुद्राचा वारा आत शिरावा, हा एक हेतू होता. या ट्रस्टने बांधलेल्या त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत पूज्य बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आजही लोक शोधत येतात. तिथे फोटो काढताना पाटीचा तर काढावाच, पण जिन्याचाही काढावा.

आमचे सर्वांत जास्त रविवार गेले ते बी.डी.डी. चाळींत. सरकारने १९२० साली बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, म्हणजे चाळीला ऐंशी बिऱ्हाडे. खोली १६० चौरस फुटांची. मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दारे, संडास सामायिक. भिंती जाड काँक्रीटच्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या काही चाळी तुरुंग म्हणून वापरल्या, यावरून बांधकामाची कल्पना यावी. पण त्याच चाळींत गिरणी कामगार राहिले, पालिकेचे सफाई कामगार राहिले, आपल्या समाजाची शेकडो कुटुंबे राहिली. १९७४ च्या जानेवारीत इथे दंगल झाली, तेव्हाही माणसे याच बोळांत एकमेकांना धरून बसली.

बाहेरून या चाळी एकसारख्या वाटतात. फोटोत मात्र एकही खिडकी दुसरीसारखी येत नाही. कुणाची लोखंडी जाळी बाहेर काढलेली, तिच्यात तुळस आणि पाण्याचा ड्रम. कुणाच्या वाळत घातलेल्या साड्या, कुणाची पंचशील पताका, कुणाचा आकाशकंदील पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच. काळे पाइप आणि त्यांच्या सांध्यातून फुटलेले पिंपळाचे रोप. आम्ही एका भिंतीचे नुसत्या खिडक्यांचे फोटो घेतले. घरी जाऊन पाहिले तर शहराची जनगणनाच हातात आल्यासारखे वाटले!

एका बोळात एक आजी दारात लसूण सोलत होत्या. आमच्या हातातले मोबाइल पाहून म्हणाल्या, "कुनाचं मानूस तुमी? म्हाडाचं का पेपरचं?" आम्ही जयभीम घालून सांगितले, कुणाचेच नाही, आठवण म्हणून काढतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग थांबा भाऊ, लुगडं बदलते." सूनबाईंना हाक गेली, नातू खेळातून ओढून आणला गेला. बोळात उजेड नव्हता, म्हणून सर्वांना उंबऱ्यावर बसविले. खिडकीतून जेवढे ऊन आत आले होते तेवढ्यात फोटो छान आला. निघताना आजी हळूच म्हणाल्या, "मोरीचा पन काढा. पंचावन्न वर्सं तितंच भांडी घासली."

विचारल्याशिवाय कुणाच्या घराकडे, नळावरच्या बायांकडे कॅमेरा करू नये, हा आमचा नियम आहे. वृत्तपत्रांत चाळीचे फोटो येतात ते बहुधा पडकी भिंत आणि तुंबलेले गटार यांचे. तेही खरेच आहे. नाही कोण म्हणतो? पण लुगडे बदलून आलेली आजीही तितकीच खरी आहे आणि तिचा फोटो तिच्याच परवानगीने निघालेला असतो.

घाई करण्याचे कारण उघड आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. वरळीच्या चाळीस मजली इमारतींमधील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, संडास घरात. शंभर वर्षे रांगेत उभे राहिलेल्या लोकांना हे मिळायलाच हवे होते. चाळीच्या प्रेमापोटी चाळ टिकवा म्हणणारे बहुधा तिथे राहत नसतात, असे आमचे मत आहे. पण पाडकामाचे यंत्र एकदा लागले की भिंतीबरोबर खिडकीही जाते. नव्या घरात नातवाने विचारले, आजीची खोली कशी होती, तर दाखवायला काय?

म्हणून ज्यांच्या खोल्या अजून उभ्या आहेत त्यांनी येत्या रविवारीच काम उरकावे. आधी रस्त्यावरून पूर्ण चाळ, मग जिना, बोळ, दार, दारावरची पाटी, मोरी, पोटमाळा आणि खिडकीतून दिसणारे जे असेल ते. आम्ही पडलो कारकून माणसे, तारीख नसलेला कागद आम्हाला कागदच वाटत नाही. तेव्हा फोटो मोबाइलमध्ये पडू न देता स्टुडिओतून छापून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मागे बॉलपेनने चाळ क्रमांक, खोली क्रमांक, तारीख आणि फोटोतील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. आजीच्या फोटोची एक प्रत आम्ही पुढच्या रविवारी नेऊन दिली. मोरीच्या फोटोच्या मागे काय लिहायचे ते त्यांनीच सांगितले : खोलीचा नंबर आणि त्यांचे माहेरचे नाव.